चुका सापडल्या, वाद तसाच राहिला

पत्र :

‘मी 28 वर्षांचा, सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, साधे सोळा माग. बाबा आणि थोरले काका चालवतात. मी पुण्याला एम.कॉम. करून परत आलो. घरात सध्या दोन वाद पेटलेत. काका म्हणतात, कर्ज काढून रॅपियर (बिनधोट्याचे, जास्त वेगाने विणणारे) माग घ्यायचे. “ज्यांनी ज्यांनी घेतले ते सगळे वर आले. आपण नाही घेतले तर कारखान्याला कुलूप लागेल.” बाबा म्हणतात, “मागच्याच वर्षी या मागांच्या दुरुस्तीला साडेतीन लाख घातलेत, ते काय पाण्यात घालू?” दुसरा वाद आजीच्या साखरेचा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी 238 निघाली. आत्याने कुणाकडून तरी काढा आणला. तीन आठवड्यांनी 164 आली. आता आजीची गोळी बंद करायची म्हणतात. मी तर्कदोषांवर बरंच वाचलंय, त्यामुळे प्रत्येकाला त्याची चूक नावानिशी दाखवली. झालं काय, तर मी तोंड उघडलं की काका उठून जातात. चुलतभाऊ म्हणतो, “पुण्यात शिकून आलास, तुला मागातलं काय कळतं?” घरच्या ग्रुपवर उजनीच्या पाण्यावरूनसुद्धा भांडण झालं. माझं बरोबर असून कुणी ऐकत नाही. काय करू?’

उत्तर :

आधी तातडीचं. आजींची गोळी बंद होऊ देऊ नका. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आजच आत्यांशी बोला आणि बोलताना कुठल्याही तर्कदोषाचं नाव घेऊ नका. ‘काढा चालू आहे हे डॉक्टरांना सांगून येऊ, मग ते म्हणतील तसं करू,’ एवढंच म्हणा. काढ्याने खरंच साखर उतरत असेल, तर गोळी आणि काढा मिळून ती धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. म्हणजे आत्यांचं म्हणणं खरं धरलं तरी डॉक्टरांना सांगणं भागच आहे. काढ्यात काय काय आहे ते कागदावर लिहून न्या, शक्य असेल तर पुडीच न्या.

आता वादांकडे वळू. तुम्ही दाखवलेल्या चुका बहुतेक बरोबर आहेत. पण तुमचं पत्र दोनदा वाचूनही एक गोष्ट सापडली नाही : रॅपियर घ्यावेत की घेऊ नयेत, याबद्दल तुमचं स्वतःचं मत काय? काकांचं चुकलं, बाबांचंही चुकलं, मग कारखान्याने करायचं काय?

गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते ठरवण्यासाठी दोघं आपापली बाजू पुराव्यानिशी मांडतात, तो वाद. बाजू दोघांचीही असते, पण जिंकणं हाच हेतू असतो आणि त्यासाठी काहीही चालतं, तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडून काढायची, ती वितंडा. तुमचा हेतू तसा नाही हे पत्रावरून दिसतं. पण काकांच्या कानावर जे पडतं ते वितंडेसारखंच पडतं. पोटतिडकीने बोलणाऱ्या माणसाला ‘तुमच्या बोलण्यात अमुक दोष आहे’ एवढंच ऐकू आलं आणि पुढे काहीच आलं नाही, तर तो उठून जाणारच.

शिवाय तुमच्या स्वतःच्या विचारात एक दोष आहे, आणि तो तर्कदोष वाचणाऱ्यांमध्ये फार आढळतो. दिलेलं कारण चुकीचं निघालं म्हणून निष्कर्षही चुकीचा ठरला, असं मानणं. एखाद्याने म्हटलं की सोलापूर समुद्रकाठी आहे म्हणून इथला उन्हाळा कडक असतो, तर कारण साफ खोटं आहे. उन्हाळा मात्र कडकच राहतो. काकांचं कारण कच्चं आहे याचा अर्थ एवढाच, की त्या कारणावरून काही ठरत नाही. रॅपियर घेणं फायद्याचं असूही शकेल. बाबांचं कारण कच्चं असलं तरी जुने मागच चालवणं शहाणपणाचं असू शकेल. चूक सापडली की काम सुरू होतं. तुम्ही तिथेच थांबलात.

मग काम कसं करायचं? कुणीही ‘असं आहे, कारण तसं आहे’ म्हटलं, की त्यामधली न बोललेली पायरी शोधायची. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो, हे न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण. यातली मधली पायरी म्हणजे ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी’. तिला व्याप्ती म्हणतात. ती नुसती गृहीत धरून चालत नाही, दोन्हीकडून तपासावी लागते. धूर आणि अग्नी दोन्ही आहेत अशी जागा दाखवायची, जसं स्वयंपाकघर. आणि अग्नी नाही तिथे धूरही नाही अशीही जागा दाखवायची, जसं तलाव. त्याच्याही आधी एक प्रश्न असतो : जे दिसतंय तो धूर आहे तरी का? पहाटे सिद्धेश्वर तलावावर तरंगणारी वाफ लांबून धुरासारखी दिसेल, पण तिच्यावरून अग्नीचं अनुमान करता येणार नाही. म्हणजे तपास तीन ठिकाणी करायचा. सांगितलेलं कारण मुळात खरं आहे का, होकाराची उदाहरणं आहेत का, आणि नकाराची बाजू कुणी पाहिली आहे का. घरातल्या वादांत नेहमी हे तिसरं राहून जातं. तुमच्या दोन्ही वादांत तेच राहिलंय.

उजनीवरून ग्रुपवर नेमकं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सोलापुरात त्यावरून दोन भांडणं ठरलेली असतात. धरण भरलं तरी नळाला रोज पाणी नाही, म्हणजे मुद्दाम सोडत नाहीत, हे एक. इथे धरणातलं पाणी आणि घरातला नळ यांच्यामधली सगळी साखळी गाळलेली असते : उपसा, वीज, जलवाहिनी, शुद्धीकरण, टाक्या, गल्लीतली वितरणाची लाइन. धरणात पाणी असणं आवश्यक आहे, पण तेवढं पुरेसं नाही. अडथळा यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे हे विचारलं की तक्रार नेमकी होते आणि योग्य टेबलावर जाते. दुसरं भांडण टक्क्यांचं. ‘उजनी उणे 20 टक्के’ अशी बातमी आली की कुणीतरी लिहितं, धरण कोरडं पडलं. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, सहज बाहेर न काढता येणारं पाणी, आणि सुमारे 54 टीएमसी उपयुक्त साठा. बातमीतले टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. उणे 20 म्हणजे मृतसाठ्यातले साधारण 11 टीएमसी वापरले गेले आणि 50 टीएमसीहून जास्त पाणी अजून धरणात आहे. परिस्थिती काळजीचीच असते, कारण हे पाणी उचलणं अवघड जातं. पण ‘कोरडं’ आणि ‘उचलायला अवघड’ यांवरचे उपाय वेगळे आहेत. टक्का दिसला की तो कशाचा टक्का आहे हे आधी विचारा. ग्रुपवर मात्र एवढं लांबलचक लिहू नका. आकडा द्या आणि थांबा.

आता काढा. हा वाद जपून हाताळायला हवा, कारण आत्यांचं बोलणं वरवर पुराव्याचंच वाटतं. आधी 238, मग काढा, मग 164. ‘नंतर झालं म्हणून त्यामुळे झालं’ हा दोष तुम्ही ओळखलात. पण आत्यांना तो पटावा असं वाटत असेल, तर त्यामुळे नाही तर कशामुळे, हे सांगता आलं पाहिजे.

पहिली शक्यता मोजमापाची. घरच्या ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ 15197, 2013 ची आवृत्ती), त्यानुसार साखर 100 च्या वर असेल तर शंभरातले 95 आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून 15 टक्क्यांच्या आत असले म्हणजे यंत्र पास होतं. म्हणजे खरी साखर 200 असताना यंत्र 170 ही दाखवू शकतं आणि 230 ही. तिळगूळ हाताळून बोट न धुता टोचलं तर आकडा आणखी फुगतो. तरी 238 आणि 164 मधलं अंतर एवढं आहे की सगळं खापर यंत्रावर फोडता येणार नाही. तसं करू नका, आत्यांना ते लगेच लंगडं वाटेल.

दुसरी शक्यता जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं. साखर रोज वरखाली होते. माणूस काढा आणायला कधी धावतो? आकडा नेहमीपेक्षा फार वर गेला की. आणि असा फार वर गेलेला आकडा, पुढे काहीही न करता, बहुतेक वेळा नेहमीच्या पातळीकडे परत येतो. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीबाबत हे मांडलं : फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरी पाहिली तर आईवडिलांपेक्षा कमी. टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप बहुधा सरासरीकडे सरकलेलं असतं, तेही असंच. आजींचा 238 हा आकडा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. भोगी, संक्रांत, गड्ड्याच्या यात्रेतलं खाणं, घरात पाहुणे. तो त्यांचा नेहमीचा आकडा नसावा. आधीच्या चार-पाच महिन्यांचे आकडे काढा. तेही 160-170 च्या आसपास असतील, तर काढ्याने काही केलं असं म्हणायला जागाच उरत नाही.

तिसरी शक्यता अशी, की काढ्याबरोबर आणखी काय बदललं? काढा ठरलेल्या वेळी द्यायचा असतो. मग गोळीही त्याच वेळी न चुकता दिली जाऊ लागली का? घाबरून रात्रीचा भात बंद झाला का, भाकरीवर आले का? चालायला कुणी सोबत नेऊ लागलं का? असं असेल तर कौतुक काढ्याला मिळतंय आणि काम गोळीने केलंय. आणि आता बंद करायची म्हणतायत तीच गोळी. आत्यांशी बोलताना हा मुद्दा पुढे ठेवा. त्यात त्यांची चूक निघत नाही. उलट त्यांनी आजींकडे नीट लक्ष दिलं म्हणून फरक पडला, हेच त्यातून निघतं, आणि ते खरंही असू शकेल.

‘नैसर्गिक आहे, त्याने अपाय होत नाही’ हेही कुणीतरी म्हणेल. धोतराही नैसर्गिक आहे आणि महादेवाला वाहतातही, पण खात कुणी नाही. एवढं पुरे, यावर वाद वाढवू नका.

करायचं ते असं. एक वही घाला. सकाळी उठल्यावर, हात साबणाने धुऊन, कोरडे करून, काही खायच्या आधी, त्याच यंत्रावर मोजा. तारीख, आकडा, आदल्या रात्री काय खाल्लं, गोळी घेतली की नाही, काढा घेतला की नाही, एवढं लिहा. रोज टोचायची गरज आहे की आठवड्यातून दोनदा पुरे, हे डॉक्टरांना विचारा. एचबीए1सी ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, त्यामुळे एका सणाने ती फारशी हलत नाही. काढ्याचा उपयोग होतोय का हे पाहायचंच असेल, तर गोळी, जेवण, चालणं सगळं आहे तसं ठेवून तीन महिन्यांनी तो आकडा बघा. गोळी कमी करायची झाली तर तो आकडा पाहून डॉक्टर करतील.

आता रॅपियर. काका म्हणतात, ज्यांनी घेतले ते सगळे वर आले. त्यांना विचारा, हे ‘ज्यांनी घेतले’ कोण कोण? ते चार-पाच कारखान्यांची नावं घेतील, आणि ते सगळे आज चालू असतील. कारण बंद पडलेला कारखाना रस्त्याने जाताना दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड हा संख्याशास्त्रज्ञ अमेरिकेत नेमक्या याच अडचणीवर काम करत होता. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची छिद्रं कुठे आहेत हे मोजता येत होतं, पण पडलेली विमानं मोजायला मिळत नव्हती. परतलेल्यांवरून न परतलेल्यांचा हिशेब कसा बांधायचा, यावर त्याने 1943 मध्ये टिपणं लिहिली. त्यातला गाभा असा : परतलेल्या विमानांच्या एखाद्या भागावर छिद्रं कमी दिसतात, याचा अर्थ तिथे गोळ्या लागत नाहीत असा नाही. तिथे गोळी लागलेली विमानं परतच आली नाहीत, असाही असू शकतो.

तुमच्या एमआयडीसीत ही न परतलेली विमानं शोधणं अवघड नाही. जुनी यंत्रं घेणारे-विकणारे, माग बसवणारे मिस्त्री, सूत उधारीवर देणारे व्यापारी, या तिघांना ठाऊक असतं कुणी रॅपियर घेतले, कुणी विकले आणि कुणाची उधारी अडकली. प्रश्न असा विचारा : ‘गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या भागात ज्यांनी ज्यांनी घेतले, त्या सगळ्यांची नावं सांगा.’ ‘यशस्वी कोण झाले’ असं विचारलंत की यादी पुन्हा गाळूनच येईल. त्या यादीत चालू किती, विकलेले किती, हप्ता थकलेले किती, ते लिहा. आणखी एक रकाना ठेवा, जो बहुतेक जण ठेवत नाहीत : साध्या मागांवरच राहूनही ज्यांचं बरं चाललंय ते किती. तो आकडा आल्याशिवाय रॅपियरमुळे वर आले की बाजार चांगला होता म्हणून सगळेच वर आले, हे कळणार नाही.

‘नाही घेतले तर कुलूप’ यात काकांनी दोनच दारं ठेवली आहेत. सोळा साधे मागच ठेवणं आणि सगळं बदलणं यांच्यामध्ये बऱ्याच वाटा आहेत : दोन रॅपियर घेऊन बाकीचे साधे चालवणं, आधी जॉबवर्कने माल विणून घेऊन गिऱ्हाईक मिळतं का पाहणं, जुने भाड्याने देणं. घरात कुणी ‘एकतर हे, नाहीतर ते’ म्हटलं की तिसरी वाट लगेच नाव घेऊन सांगायची. नुसतं ‘आणखी पर्याय आहेत’ म्हणून भागत नाही.

बाबांचे साडेतीन लाख खर्च झालेले आहेत. रॅपियर घेतले काय किंवा न घेतले काय, ते परत येणार नाहीत, म्हणून निर्णयात ते धरायचे नाहीत. तुम्ही हे सांगितलं असणार आणि ते दुखावले असणार. यात एक बारकावा आहे आणि तो बाबांच्या बाजूने आहे. घातलेला पैसा गेला, पण त्या पैशाने झालेली दुरुस्ती गेलेली नाही. दुरुस्त झालेले माग पुढची काही वर्षं कमी खर्चात चालतील आणि विकायला काढले तर दोन पैसे जास्त येतील. या दोन्ही पुढच्या गोष्टी आहेत, म्हणून हिशेबात धरायच्याच. बाबांना विचारा : ‘आता हे माग अजून किती वर्षं मोठ्या खर्चाशिवाय चालतील?’ ते उत्तर देतील, कारण त्यांना ते माहीत आहे. आणि त्या उत्तरात त्यांच्या साडेतीन लाखांची किंमत आपोआप येईल.

आणखी एक वाक्य तुमच्या घरात कधीतरी येईलच : सोलापूरचा टॉवेल नावाजलेला आहे, माल पडून राहणार नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, हे खरं. पण जे सगळ्या शहराच्या मालाबद्दल खरं आहे ते एका कारखान्याच्या मालाबद्दल खरं असेलच असं नाही. मानांकन वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तुमची ती आहे का, हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

आता हिशेब मांडा. आकडे तुमचे घाला, इथे फक्त रीत दाखवतो. समजा 20 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण 43,500 रुपये. समजा सूत, मजुरी, वीज, रंगाई सगळं वजा जाता किलोमागे 12 रुपये सुटतात. 43,500 भागिले 12 म्हणजे जवळपास 3,625 किलो. महिन्याला 26 दिवस धरले तर रोज सुमारे 140 किलो टॉवेल फक्त हप्त्यापुरता, तोही आजच्या उत्पादनाच्या वर. नफा त्याच्यानंतर. आता वाद ‘रॅपियर चांगले की वाईट’ हा राहिला नाही. नवे माग रोज 140 किलो जादा काढतील का, आणि तेवढा माल घ्यायला गिऱ्हाईक आहे का, हे दोनच प्रश्न उरले. मग 12 च्या जागी 8 घालून बघा, सुताचा भाव चढला की तेच होतं. रोजचे 140 किलो एकदम 209 होतात. काकांना हा तक्ता दाखवा आणि कुठला आकडा चुकलाय ते त्यांना दुरुस्त करू द्या. त्यांनी स्वतः घातलेल्या आकड्यावरचं उत्तर त्यांना ऐकावंसं वाटेल.

हे सगळं करताना स्वतःकडेही तीच नजर ठेवा. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना 2, 4, 6 हे तीन आकडे दिले आणि ते ज्या नियमात बसतात तो नियम ओळखायला सांगितलं. स्वतः तिकड्या सुचवायच्या, त्या नियमात बसतात की नाही एवढं उत्तर मिळणार. बऱ्याच जणांच्या मनात ‘दोनदोनने वाढणारे’ आलं, मग त्यांनी 8, 10, 12 विचारलं, 20, 22, 24 विचारलं, दरवेळी होकार मिळाला आणि त्यांनी ठामपणे चुकीचा नियम सांगितला. खरा नियम ‘चढत्या क्रमाने कुठलेही तीन आकडे’ एवढाच होता. 1, 2, 3 किंवा 5, 9, 40 विचारलं असतं तर चूक लगेच उघडी पडली असती. तुम्हाला मनातून रॅपियर नको असतील, तर तुम्ही बुडालेल्यांच्याच गोष्टी गोळा कराल आणि प्रत्येक गोष्टीत होकार मिळेल. चौकशीला निघण्याआधी एका कागदावर लिहा : ‘काय दिसलं तर मी म्हणेन की काका बरोबर आहेत.’ आणि मग तेच शोधायला जा.

बोलण्याची रीतही थोडी बदला. एका बैठकीत एकच विषय. काकांचं म्हणणं आधी तुमच्या शब्दांत त्यांना सांगा, ते ‘हां, हेच म्हणतोय’ म्हणेपर्यंत आपलं सुरू करू नका. बऱ्याचदा कळतं की आपण त्यांचं नव्हे, त्यांच्या म्हणण्याचं सोपं, पाडायला सोयीचं रूप पाडत होतो. ‘तुमचं चुकतंय’ऐवजी ‘काका, ज्यांनी घेऊन परत विकले असं कुणी तुमच्या माहितीत आहे का?’ असं विचारा. कामगारांसमोर नको, ग्रुपवर तर नकोच. ग्रुपवर माणूस तुम्हाला उत्तर देत नाही, बघणाऱ्या बाकी पंधरा जणांना देतो.

राहिला चुलतभाऊ. ‘तुला मागातलं काय कळतं’ हा व्यक्तीवरचा हल्ला आहे असं तुम्ही त्याला सांगितलं असेल, तर अर्धंच सांगितलंत. तुम्ही हिशेब मांडत असाल तर तो कुणी मांडला याने फरक पडत नाही, बेरीज बरोबर किंवा चूक एवढंच. पण ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणत असाल, तर तुम्हाला मागातलं किती कळतं हा प्रश्न रास्त आहे. हाच नियम रॅपियर विकणाऱ्या एजंटलाही लावा. त्याला विक्रीतून पैसे मिळतात म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही, पण तपासल्याशिवाय घ्यायचंही नाही. आणि वरच्या हिशेबातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा चुलतभावाकडे आहे : आत्ताचे माग एका पाळीत प्रत्यक्षात किती किलो काढतात. हँडबुकातला वेग नव्हे. बाणा (आडवा धागा) किती वेळा तुटला, ताण्याचे (उभे) धागे जोडायला माग किती मिनिटं बंद राहिला, वीज किती वेळ गेली, बाण्याच्या सुताच्या कांड्या वेळेवर आल्या का, शेवटी वजन किती आणि त्यात सेकंड (दोष असलेला) माल किती. त्याला म्हणा, ‘हे मला येत नाही, तू दाखव.’ आठवडाभर त्याच्याबरोबर एक पाळी उभे राहा आणि प्रत्येक मागापुढे हे सहा रकाने भरा. दिवसपाळीचे वेगळे, रातपाळीचे वेगळे.